त्रेसष्ट टाके

बालाघाट, १७ सप्टेंबर १९६७

साधना,

हे पत्र तुझे भाऊजी तुझ्या हातात देतील. बैहरच्या गाडीवर कंडक्टर असलेला नवरा एवढ्या कामाचा तरी असावा.

चार वर्षांत मी तुला तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. म्हणून या वेळी खुशाली विचारत नाही. काम आहे तेवढं लिहिते.

त्यांनी तुला दवाखान्याच्या ओसरीवर विणताना पाहिलं. दोन सुया, हातांकडे न बघता. मला लहान मुलाच्या स्वेटरचा नमुना हवा आहे. शेजारच्या मैनाबाईच्या नातीसाठी. मैनाबाई आणि मी एकाच अंगणात बिड्या वळतो. तिच्या नातीला थंडी सोसत नाही.

बाजारात विणकामाचं हिंदी पुस्तक मिळतं. मी ते दुकानात उभी राहून वाचलं. पहिल्याच चित्रात सुईवर टाके आहेत. ते तिथे कसे आले ते कुठेच सांगितलेलं नाही. मला त्याच्या आधीचं पान हवं आहे.

नमुना लिहून दे. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

अनुसया


१ ऑक्टोबर १९६७

साधना,

कागद मिळाला. "टाके ६०. पहिली ओळ: २ सुलट, २ उलट, शेवटपर्यंत. पुढच्या ओळी तशाच. अशा १६." खाली टाके घालायची दोन चित्रं. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. मी कागद उलटून पाहिला. मागे छापलं होतं, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. तेही दोनदा वाचलं.

तुझ्या भाऊजींना विचारलं, कशी आहे?

"चहा नाही पाजला तिनं," हे म्हणाले, "पण स्टूल देल्लं बसाले."

"मंग?"

"मंग काय. तिच्या खोलीत दुर्गाबाई म्हणून दुसरी नर्स राह्यते. तिनं पाजला चहा. साखर जास्त होती."

सुया यांनीच केल्या. बांबूच्या कमच्या तासल्या, काचेच्या तुकड्यानं घासल्या आणि वर खोबरेल तेल चोळलं. लोकर पिवळी घेतली. दुकानात पिवळी आणि तपकिरी होती. तपकिरी रंग दिवसभर तेंदूच्या पानात बघतेच.

टाके घालता आले. सुलटही जमलं. सुई पुढून आत, धागा फिरवून बाहेर. बिडीचं पान दुमडण्याहून सोपं आहे. उलट जमत नाही. प्रत्येक उलट टाक्याजवळ एक भोक पडतं आणि टाके आपोआप वाढतात. दोन ओळींत साठाचे ब्याण्णव झाले.

सासूबाईंनी उचलून उजेडात धरलं. "काहून व, मासोळ्या धराले चालली का?"

मी उसवलं. चार वेळा. काय चुकतं ते कळव. एका ओळीत कळव.

अनुसया


१५ ऑक्टोबर १९६७

साधना,

तू खरंच एका ओळीत कळवलंस. "उलट टाक्याला धागा पुढे घ्यावा, सुलटला मागे."

इतकंच होतं! पंधरा दिवस मी धागा मागेच ठेवून भांडत होते. जे सगळ्यांना माहीत असतं ते नमुन्यात कोणी लिहीत नाही, आणि नेमकं तेच नव्या माणसाला हवं असतं. हे मी तुला दोष म्हणून लिहीत नाही. तुला मी पोळी लाटायला शिकवली तेव्हा पिठात पाणी किती ते सांगितलं नव्हतं. तू नऊ वर्षांची होतीस. आई जाऊन महिना झाला होता. तू खळ केलीस आणि रडलीस, आणि मी हसले. आता कळतं.

भोकं पडायची थांबली त्या दिवशी मी मैनाबाईला हाक मारून दाखवलं. ती हातातलं सूप घेऊनच आली. अर्धी तंबाखू अंगणात सांडली.

"जमलं व अनुसया! आता मले एक बनवून दे."

"तुले कायले?"

"म्हातारपणाले."

दसऱ्याला विहारात गेले होते तेव्हाही हात चालू होते. वंदना सुरू झाली तेव्हा थांबवले.

सोळा ओळी झाल्या. यांच्याजवळ तुकडा पाठवते. बघ आणि खरं सांग.

अनुसया


२९ ऑक्टोबर १९६७

साधना,

"मी ६० लिहिले होते. यात ६३ आहेत. का?"

चार वर्षांतला तुझा पहिला प्रश्न. उत्तर देते.

मला साठ दिसले होते. मी साठच घालायला बसले. साठ झाल्यावर हात थांबला नाही, आणखी तीन घातले. का घातले ते तू विचारेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मग समजलं. आम्ही बिड्या कधी सांगितल्या तेवढ्या करत नाही. बिड्या घेणाऱ्या सट्टेदाराकडे माल नेला की त्याचा माणूस मूठ मूठ उचलून बघतो. ही सैल, ही फाटली, हिचं तोंड नीट नाही. काढून टाकतो. त्याला आम्ही छाट म्हणतो. छाट जाऊनही हिशेब पुरा भरावा म्हणून आधीच वर थोड्या जास्त टाकायच्या. बारा वर्षं हेच केलं. साठ कोणी सांगितले तर त्यातले तीन फेकले जाणार, हे हातांनी परस्पर ठरवून टाकलं.

मैनाबाईला हे सांगितलं तर ती भिंतीला टेकून हसत बसली. "स्वेटराले छाट? नर्सबाई टाके फेकून देते का व तुह्ये?"

मलाही हसू आलं. पण उसवायला घेणार होते तेवढ्यात लक्षात आलं की तुकडा तूच ठेवून घेतलास. परत का पाठवला नाहीस? फार वाईट आहे का?

अनुसया


५ नोव्हेंबर १९६७

साधना,

तुझा कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला. मैनाबाईलाही. तुझ्या भाऊजींना तर दोनदा.

"६३ च ठेव. ओळीच्या शेवटी तीन उरतात, म्हणून प्रत्येक ओळ एका टाक्यानं सरकते. त्यामुळे उठावाच्या रेघा आल्या आहेत, त्या दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात. ६० वर करून पाहिले, येत नाही. दुर्गाबाईने उतरवून घेतले. छाट नाही."

छाट नाही. तू हे दोन शब्द वेगळ्या ओळीत लिहिलेस.

तुझे भाऊजी आता स्टँडवर सांगत फिरतात की बैहरच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या बायकोची वीण चालते. ड्रायव्हर म्हणाला, "कंडक्टर साहब, भाभीजी से बोलो गाड़ी की सीट भी बुन दें।"

तू खाली लिहिलंस, मुलीची छाती मोजून कळव, म्हणजे उंची आणि काखा सांगता येतील. कळवते.

अनुसया


१२ नोव्हेंबर १९६७

साधना,

मैनाबाईची नात मोजली. ती उभी राहत नाही. सुतळी गुंडाळली तर सुतळी घेऊन पळाली. शेवटी तिच्या हातात गुळाचा खडा दिला आणि तो संपायच्या आत मोजली. वीस इंच.

यावरून पुढचं लिहून दे. थंडी पडू लागली आहे.

अनुसया


१९ नोव्हेंबर १९६७

साधना,

तू लिहिलंस, "२० इंच छातीची मुलगी अडीच वर्षांची असते. तिला ६३ टाक्यांचा स्वेटर डोक्यातून जाणार नाही. तू पहिल्या पत्रात मैनाबाईची नात म्हणालीस, वय लिहिले नाहीस. मी पाळण्यातली धरून नमुना दिला, तू चूक दाखवली नाहीस. भाऊजींना विचारले तर ते छपराकडे पाहतात. मूल कोणाचे?"

हे छपराकडे बघतात कारण मी त्यांना शपथ घातली होती. त्यांना खोटं बोलता येत नाही. गाडीत तिकिटाशिवाय कोण बसलंय, तेही ते तपासनिसानं विचारायच्या आधी सांगून टाकतात.

मूल माझं आहे. जानेवारीच्या अखेरीस. त्याची छाती मोजता येत नाही.

आधीची दोन गेली तेव्हा तू घरात होतीस. तिसरं सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा तू जबलपूरला शिकत होतीस. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू दया म्हणून आली असतीस, आणि ती मला नको होती. या वेळीही तेच मनात होतं. शिवाय बोलून दाखवायची भीती. मी तुला मैनाबाईची नात सांगितली, घरात सासूबाईंना दिवस ठाऊक आहेत, पण स्वेटराचं त्यांनाही तेच सांगितलं. जन्माआधी लेकराला कपडा करत नाहीत हे त्या मानतात. मीही मानते. तरी विणते.

आता दुसरं. तुझं नर्सिंगचं बोलावणं आलं होतं ते मी तांदळाच्या कोठीत ठेवलं. अकरा दिवस. कटंगीच्या स्थळाला मी तुला न विचारता होकार कळवला होता आणि मला वाटत होतं, एकदा लग्न होऊ दे. तुला तो कागद तांदूळ काढताना सापडला. तारीख गेली होती. तुझं एक वर्ष गेलं. मागच्या तिन्ही पत्रांत मी लिहिलं की कागद गहाळ झाला होता. गहाळ झाला नव्हता. मी ठेवला होता.

ये असं मी म्हणत नाही.

म्हणते. ये.

अनुसया


३ डिसेंबर १९६७

साधना,

या वेळी पूर्ण पान आलं. मी ते हातात घेऊन आधी चुलीजवळ बसले, मग वाचलं. कोठीबद्दल एक शब्द नाही. येण्याबद्दल नाही. अकरा प्रश्न आहेत, आकडे घालून. आणि तळाशी, "६३ वर आणखी ४० ओळी. मग काखेसाठी दोन्ही बाजूंना ४-४ टाके बंद करावेत."

उत्तरं देते. पायाला सूज नाही. डोकं दुखत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या घेते. दूध घेते. मुनग्याच्या शेंगांची भाजी रोज खाते. तंबाखूची धूळ उडते म्हणून बिड्या बंद केल्या, हे तू सहाव्या प्रश्नात रागावून विचारलंस तसं नाही, मी आधीच केल्या. बाळ हलतं. उलट टाके आले की जास्त हलतं. हे तुझ्या अकरात नव्हतं, पण लिहिते.

सासूबाईंना कळलं. माप दिसू नये म्हणून मी विणकाम तेंदूच्या पानांच्या गाठोड्यात ठेवू लागले होते. बिड्या बंद, तरी गाठोडं रोज उघडतं, हे त्यांनी हेरलं. बाहेर काढून मांडीवर पसरलं. मागचा भाग काखेपर्यंत आला होता.

"हे मैनाबाईच्या नातीचं?"

मी सांडलेली पानं गोळा करू लागले.

"तिचा एक हात नाही जाणार याच्यात. कोणाचं हाये सांग."

"माह्यं."

त्या बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं आता चुलीत जाणार. तीन वेळा त्यांनीच माझ्या उशाशी बसून रात्री काढल्या आहेत, त्यांना बोलायचा हक्क आहे.

"बाह्या कुठी हायेत?"

"व्हायच्या हायेत."

"नको करू," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू हातात येईपर्यंत बाह्या नको लावू. बिनबाह्यांचा तो काही कपडा नाही होत. अर्धवट काम हाये. अर्धवट कामाले कोणाची नजर लागते?"

मग गाठोड्यात परत ठेवला नाही. स्वतःच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवला. रोज दुपारी काढून देतात आणि विचारतात, किती ओळी?

धम्माची दीक्षा घेऊन अकरा वर्षं झाली, आमच्या घरातून पुष्कळ गोष्टी गेल्या. ही राहिली होती. तिच्यातून वाट काढायला त्यांना अर्धा तास लागला. मला तीन महिने लपवावं लागलं.

अनुसया


७ जानेवारी १९६८

साधना,

पुढचा भाग, मागचा भाग, खांदे. जोडले. गळ्याची पट्टी तू सांगितलीस तशी वेगळे टाके उचलून केली. पहिल्यांदा इतकी घट्ट झाली की त्यातून लिंबू गेलं नसतं. उसवली. आता संत्रं जातं. मैनाबाई म्हणते, डोक्यापुरतं पपईच्या मापाचं ठेव, तुझ्या नवऱ्याचं डोकं बघ. ठेवलं.

मला आता कागद वाचता येतो. आधी मी एकेक शब्द वाचायची, धरायची, विसरायची. आता "२ सु. २ उ." दिसलं की ओळ पुढे कशी होणार ते हाताला दिसतं. काल तुझ्या कागदात एक चूक सापडली. खांद्याचे टाके डावीकडे १८ लिहिलेस आणि उजवीकडे १७. मी १८ केले. बरोबर ना?

थंडी खूप आहे. तुमच्याकडे घाटावर याहून जास्त असेल.

तू येणार की नाही ते लिहीत नाहीस. मी विचारत नाही. पण संध्याकाळची बैहरची गाडी येते तेव्हा मी यांचा डबा घ्यायच्या निमित्तानं कोपऱ्यापर्यंत जाते. परवा पांढऱ्या साडीतली एक बाई उतरली. मी चार पावलं पुढे गेले. ती कोणी मास्तरीण निघाली. तिनं मला रिक्षा कुठे मिळेल ते विचारलं. मी सांगितलं, आणि मग दोन घरं ओलांडून पुढे गेले, परतले, तरी आपण कुठे चाललो ते कळेना. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "डबा कुठी हाये?"

डबा गाडीतच राहिला होता.

दिवस मोजले तर अठरा उरतात. अठरा किंवा कमी.

अनुसया


बालाघाट, २९ जानेवारी १९६८

दुर्गाबाई,

मी साधना. हे पत्र आमचे भाऊजी प्रेमलाल देतील. त्यांना चहा द्या, साखर बेताची.

आधी बातमी. ताईला २५ तारखेला दुपारी तीन वाजता मुलगी झाली. सहा पौंड. रडली लगेच, आणि अजून फारशी थांबलेली नाही. दोघी ठीक आहेत. आता घरी आहेत.

मी २० ला उतरले तेव्हा ताई कोपऱ्यावर उभी होती. पोटावर दोन्ही हात. म्हणाली, "गाडी टायमावर आली." मी म्हटलं, "हौ." मग तिची नाडी पाहिली. चार वर्षांनंतर आम्ही एवढंच बोललो. घरी गेल्यावर तिने मला खांद्याच्या अठरा टाक्यांबद्दल विचारलं. तिचंच बरोबर होतं.

मी ठरवून आले होते की कोठीचा विषय मी काढणार नाही. तिने काढला. कधी, तर मोठ्या दवाखान्यात, कळा चालू असताना. एक कळ आली की, "साधना, मले माफ कर, म्या तुह्या कागद लपवला." दुसरी आली की पुन्हा तेच. तिथली दाई हसायला लागली. पाचव्या वेळी मी ओरडले, "ताई, माफी मंग मागजो, आता जोर लाव!" तिने लावला. नंतर मुलगी तिच्या छातीवर ठेवली तेव्हा ती पुन्हा सुरू करणार होती. मी म्हटलं, "झालं ते. बस." ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "छाट नाही." मग आम्ही दोघी रडलो, आणि दाईने आम्हाला बाहेर काढायची धमकी दिली. मला म्हणाली, तुम्ही कसल्या नर्स.

मुलीला पहिल्यांदा तुळसाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. त्यांचा तसा रिवाज आहे. तुळसाबाई म्हणजे ताईच्या सासूबाई. आज सकाळी त्यांनी स्वतः पेटीतून स्वेटर काढला आणि म्हणाल्या, आता बाह्या लावा, लेकराचे हात उघडे पडून राह्यले.

बाहीला तुमचीच युक्ती सांगितली, काखेतून टाके उचलून खाली विणत जायचं. ओळीगणिक टाके घटवायचे, तेवढं ताईला नवीन होतं. बाळंतीण आहे म्हणून मी म्हटलं, आडवी हो, मी करते. ऐकलं नाही. उशीला टेकून बसली, मुलगी मांडीवर, सुया मुलीच्या वर. तिचा हात आता माझ्याहून चलाख चालतो. चार टाके कसे घटवायचे ते एकदा दाखवलं, तिने कागद बाजूला ठेवला. दुपारपर्यंत अर्धी बाही उतरली होती. या वेगाने उद्या संध्याकाळी दोन्ही होतील.

माझी रजा उद्या संपते. तुम्ही माझ्या नावे अर्ज द्या. कारण म्हणून लिहा, सख्खी बहीण बाळंत, घरी विणकाम शिकवायचे शिल्लक. दुसरं वाक्य डॉक्टरांना आवडणार नाही, पहिलंच लिहा. आठ दिवस मागा.

आठ कसे, ते सांगते. ती अर्धी बाही तिने माझ्या हातात दिली. बरोबर होती का, म्हणाली. मी उजेडात धरली, टाके मोजले आणि म्हटलं, "सैल झाली. उसव."

सैल झाली नव्हती.

साधना